आधी आवाजाला नाव द्या

गिटारचं पेडल दुरुस्तीला घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच बोलतो : "यातून नॉइज येतोय." मी विचारतो, "कसला?" तो क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "म्हणजे... आवाज येतोय." मग केबल लावायची, अँप सुरू करायचा आणि दोघांनी मिळून ऐकायचं, एवढाच मार्ग उरतो. गेली अनेक वर्षं मी हेच करत आलो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आवाज कसा आहे हे नेमकं सांगता आलं, तर निम्मी दुरुस्ती स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधीच झालेली असते.

आपल्या भाषेत तर आवाजाच्या शब्दांची श्रीमंती आहे. मोहरी तडतडते, जातं घरघरतं, भुंगा गुणगुणतो, माशा भणभणतात, रातकिडे किरकिरतात, साप फुसफुसतो, जुनं दार करकरतं. स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असलेली आई नुसत्या आवाजावरून सांगते की फोडणी जळायला लागली आहे. हा कान आपल्या सगळ्यांकडे आहे. गिटारच्या तक्रारीची वेळ आली की मात्र आपण हे सगळे शब्द बाजूला ठेवतो आणि 'नॉइज' या एका शब्दात सगळं कोंबतो. घुमणारा आवाज आणि फुसफुसणारा आवाज यांची कारणं वेगळी, उपाय वेगळे आणि खर्चही वेगळा. दोघांना एकच नाव दिलं की मुलं दुकानात जातात आणि जे लागत नाही ते विकत घेऊन येतात. ही पुस्तिका लिहायला बसलो त्याचं खरं कारण हेच आहे.

सुरुवात घुमण्यापासून करू, कारण सर्वांत जास्त तक्रारी त्याच्याच असतात.

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. ही तार केसापेक्षा बारीक असते आणि तिचे ८,००० च्या आसपास वेढे असतात. वर पोलादाची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात बारीकसा विद्युतदाब तयार होतो. पण क्षेत्र गिटारच्या तारेनं हलवलं की शेजारच्या ट्रान्सफॉर्मरनं, हे वेटोळ्याला कळत नाही. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, अमेरिकेत ६० वेळा. भिंतीतली वायर, अडॅप्टर, अँपच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर, सगळेच या ५० हर्ट्झचं क्षेत्र आसपास पसरवतात आणि पिकअप ते इमानानं उचलतो. यात पिकअपचा दोष नाही. ज्या गुणामुळे तो तार ऐकतो, त्याच गुणामुळे तो वीजही ऐकतो.

आता एक प्रयोग सांगतो. तो मला फार उपयोगी पडला आहे. गिटार नीट ट्यून करा. सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटवर बोट ठेवलं की जी स्वर वाजतो. तो ९८ हर्ट्झचा असतो. अँपमधून घुमणारा आवाज चालू असताना हा स्वर वाजवा आणि लांबू द्या. दोन्ही आवाज एकमेकांच्या अगदी जवळ असतील आणि सेकंदाला सुमारे दोन हेलकावे ऐकू येतील, तर तो आवाज १०० हर्ट्झचा आहे, म्हणजे विजेच्या बरोबर दुप्पट. तंबोरा जुळवणाऱ्यांना हे हेलकावे नवे नाहीत. दोन तारा जवळजवळ जुळल्या की ते असेच ऐकू येतात. घुमणारा आवाज स्वरापेक्षा सरळ खालच्या सप्तकात असेल, तर तो ५० चा. निव्वळ ५० बहुतेक वेळा बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा ग्राउंडच्या भानगडीतून येतो. ठळक १०० आणि त्यावरच्या पटींचा खरबरीत आवाज असेल, तर आधी संशय अडॅप्टरवर घ्यावा. तिथे एसीचं डीसी करताना लाटेचे दोन्ही अर्धे वापरले जातात, आणि आतला कपॅसिटर म्हातारा किंवा अपुरा असेल तर त्या उंचवट्यांचा आवाज थेट पेडलमध्ये उतरतो. कुठलंही यंत्र न आणता, निव्वळ एका स्वराच्या मदतीनं एवढं कळतं.

दुसरी परीक्षा त्याहून सोपी आहे. गिटार गळ्यात अडकवून जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. एखाद्या कोनात घुमणं जवळजवळ नाहीसं होत असेल, तर ते चुंबकीय क्षेत्रातून पिकअपमध्ये येतं आहे. कोणतंही पेडल उघडून उपयोग नाही. अँपपासून दोन पावलं दूर उभे राहा, नाहीतर तो कोन लक्षात ठेवून तसेच उभे राहा. मंचावर अनुभवी वादक तिरके उभे दिसतात, त्यामागे कित्येकदा हेच कारण असतं.

या घुमण्यावरचा सर्वांत सुंदर उपाय अमेरिकेत कॅलामाझू इथे गिब्सनच्या कारखान्यात सेथ लव्हर यांनी काढला. १९५५ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये ते मिळालं. त्यांनी एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी ठेवली आणि दुसऱ्याचे वेढे उलट्या दिशेनं जोडले. बाहेरून येणारी वीज दोन्हींत उलटसुलट उमटते आणि एकमेकांतून वजा होते. तारेचा आवाज मात्र वजा होत नाही, कारण दुसऱ्या वेटोळ्याचा चुंबकही उलटा ठेवलेला असतो. दोन नकारांचा होकार होतो आणि सूर दुणावतो. दोन वेटोळ्यांची कल्पना त्याआधीही माहीत होती आणि साधारण त्याच काळात रे बट्स यांनी ग्रेचसाठी तसाच पिकअप बनवला. पण 'हमबकर' हे नाव आणि त्याची कीर्ती लव्हर यांच्या कामाशी जोडली गेली, आणि ती रास्त आहे. माझ्या मते गेल्या ७० वर्षांत गिटारच्या नको असलेल्या आवाजाविरुद्ध एवढा साधा आणि एवढा पूर्ण उपाय दुसरा झालेला नाही. आवाज शिरल्यावर तो गाळण्याचा खटाटोप यात नाही. तो शिरतानाच रद्द होतो.

भणभण ही घुमण्याची चुलत बहीण. ती अधिक टोकदार असते, माशांच्या थव्यासारखी. ती ओळखायची ती तारेला हात लावून. वाजवत नसताना आवाज भणभणतो आणि तारांवर तळहात ठेवला की मंदावतो, हे अगदी नेहमीचं आहे आणि यात काही बिघडलेलं नसतं. आपलं शरीर हीच मोठी अँटेना आहे. ते आजूबाजूच्या वायरींचं विद्युतक्षेत्र गोळा करून गिटारपर्यंत आणतं. गिटारच्या ब्रिजखालून एक बारीक वायर ग्राउंडला जोडलेली असते. तारेला हात लावला की त्या वायरीतून शरीरही ग्राउंडशी जोडलं जातं आणि भणभण उतरते. हात लावल्यावर काहीच फरक पडत नसेल, तर ती ब्रिजची वायर तुटली असण्याची शक्यता सर्वांत जास्त. हात लावल्यावर आवाज वाढत असेल, तर कुणीतरी आउटपुट जॅकच्या दोन वायरी उलट सोल्डर केल्या आहेत. हा दोष मी नव्या गिटारींपेक्षा घरी दुरुस्त केलेल्या गिटारींत अधिक पाहिला आहे. उपाय पाच मिनिटांचा आहे.

खोलीतले दिवेही तपासावेत. लाइट मंद करणारा डिमर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर हे सगळे भणभणीचे कारखाने आहेत. पंखा पूर्ण वेगावर केला आणि भणभण थांबली, म्हणजे रेग्युलेटर सापडला. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर सराव करणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको : स्वस्त इन्व्हर्टरची वीज गोल लाटेसारखी नसते, चौकोनी पायऱ्यांची असते, आणि त्या पायऱ्यांच्या कडा सरळ ऐकू येतात. तिथे पेडलमध्ये दोष शोधू नये, बॅटरी लावून सराव करावा.

आता अर्थिंगविषयी. हा भाग कुणी वाचायचा राहू नये अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

काही वर्षांपूर्वी एका सभागृहात कार्यक्रमाआधीची तयारी चालू होती. गिटारचा अँप मंचामागच्या प्लगवर आणि ध्वनिव्यवस्थेचा मिक्सर सभागृहाच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगवर होता. अँपमधून मिक्सरला केबल जोडली आणि सभागृह घुमू लागलं. केबल काढली की शांत. व्यवस्थेतल्या एका गृहस्थांनी पक्कड घेतली, अँपच्या प्लगची वरची जाड पिन उपटायला निघाले आणि म्हणाले, "हे नेहमीचं आहे, पिन काढली की थांबतं." ते खरं होतं. पिन काढली की घुमणं थांबतं. पण त्यानंतर अँपच्या पोटात कधी फेजची वायर पेटीला टेकली, तर ते २३० व्होल्ट पत्र्यातून केबलमध्ये, केबलमधून तारांत आणि तारांतून वादकाच्या बोटांत येतात. आणि तो वादक ज्या माइकला ओठ लावतो तो माइक अर्थ केलेला असतो. मी त्यांचा हात धरला.

हा कल्पनेतला धोका नाही. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्झी इथे स्टोन द क्रोज या बँडचे गिटारवादक लेस हार्वी मंचावर माइकला हात लागताच विजेच्या धक्क्यानं गेले. १९७६ मध्ये यार्डबर्ड्सचे गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरी गिटार वाजवताना असेच गेले. तिथेही अर्थिंग नीट नव्हतं. घुमणं थांबवण्यासाठी अर्थची पिन काढू नका. कुणी कितीही अनुभवी माणूस सांगत असला तरी काढू नका.

मग त्या सभागृहात काय केलं? तिथे अर्थिंगला जायच्या दोन वाटा झाल्या होत्या : अँपपासून एक आणि मिक्सरपासून दुसरी, आणि केबलच्या बाहेरच्या जाळीनं त्या एकमेकींना जोडल्या होत्या. दोन टोकांच्या अर्थमध्ये थोडा जरी दाबाचा फरक असला, तरी त्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो आणि तोच सिग्नलमध्ये मिसळतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. आम्ही मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स घातला आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं. ते बटण फक्त आवाजाच्या केबलची जाळी तोडतं. विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. घुमणं गेलं आणि अँपची तिसरी पिन जागेवर राहिली. घरात तर याहून सोपं आहे : अँप, पेडलबोर्ड, लॅपटॉप हे सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, म्हणजे दुसरी वाट तयारच होत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. जुन्या इमारतींत भिंतीवरच्या प्लगला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे काही जोडलेलंच नसतं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट मिळतात, फेज आणि अर्थमध्येही तेवढेच मिळायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर थोडेसे. ही मोजणी वायरमनकडून करून घ्या. स्वतः मीटरच्या सुया प्लगमध्ये खुपसू नका. पेडलवर पैसे घालण्याआधी या मोजणीवर घाला. अँपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात अशी तक्रार असेल, तर ही मोजणी होईपर्यंत गिटार वाजवणं थांबवा.

आता पेडलबोर्डकडे येऊ. इथला खास आवाज म्हणजे शीळ. ती बारीक, उंच आणि सतत असते. कधी डासासारखी, कधी जुन्या टीव्हीसारखी. शिट्टी ऐकली की मी पहिल्यांदा पेडलकडे पाहतच नाही, अडॅप्टरपासून निघणाऱ्या वायरीकडे पाहतो. एकाच अडॅप्टरला पाच-सहा तोंडांची वायर जोडून सगळ्या पेडलना वीज देण्याची पद्धत आहे. तिला डेझी चेन म्हणतात. सगळी पेडलं जुन्या ॲनालॉग पद्धतीची असतील तर ती बहुतेक वेळा निभावते. पण त्यांत एक डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब आला की त्याच्या आतलं घड्याळ विजेच्या वायरीत आपला आवाज सोडतं, आणि साखळीतलं डिस्टॉर्शन तो शेकडो पटींनी वाढवून दाखवतं. परीक्षा सोपी आहे : संशयित पेडल साखळीतून काढून ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. शीळ थांबली तर पेडल निर्दोष आहे, वाटून घेतलेली वीज दोषी आहे. अशा वेळी प्रत्येक तोंड स्वतंत्र असलेला पॉवर सप्लाय घ्यावा लागतो. तो महाग असतो हे मला मान्य आहे. तरीही बोर्डवर चौथं पेडल घेण्याआधी तो घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथेच एक इशारा. बहुतेक पेडलना मधली पिन ऋण लागते, आणि वाय-फाय राउटरच्या अडॅप्टरला मधली पिन साधारणपणे धन असते. तोंड सारखंच, व्होल्टही कधी कधी सारखेच, म्हणून घरातला राउटरचा अडॅप्टर लावून पाहणारे पुष्कळ. पेडलमध्ये संरक्षक डायोड असला तर नशीब. जुन्या जर्मेनियम फझची गोष्ट आणखी वेगळी : त्यांतल्या अनेकांमध्ये धन टोक ग्राउंडला जोडलेलं असतं. त्यांना इतर पेडलबरोबर एका साखळीत घेतलं की अडॅप्टर शॉर्ट होतो. त्यांना स्वतःची बॅटरी द्या, ती महिनोन्‌महिने पुरते.

ॲनालॉग डिलेची शीळ मात्र त्याची स्वतःचीच असू शकते आणि तिचं कारण मला फार आवडतं. १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टेअर यांनी एक सर्किट काढलं. आग लागल्यावर लोक रांग करून हातोहात पाण्याच्या बादल्या पुढे देतात, तसा सिग्नलचा एकेक तुकडा कपॅसिटरच्या रांगेतून पुढे सरकतो. म्हणून त्याचं नाव बादली-पथक. बादल्या पुढे देण्याचा ठेका एक घड्याळ धरतं. ४,०९६ बादल्यांच्या चिपमध्ये आवाज सुमारे २०० मिलिसेकंद उशिरा हवा असेल, तर घड्याळ १० किलोहर्ट्झपर्यंत खाली आणावं लागतं, आणि १० किलोहर्ट्झ कानाला ऐकू येतो. टाइमचा नॉब शेवटपर्यंत फिरवल्यावर शीळ उतरत उतरत ऐकू येऊ लागली, तर हेच घडतं आहे. फिल्टर ती बरीचशी लपवतात. नॉब थोडा मागे घ्या. आणि वय झालेल्या कानांना हा आवाज ऐकू येईलच असं नाही; घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला ऐकायला बसवा, तो क्षणात सांगतो.

हिसहिस हा या घराण्यातला एकमेव आवाज, जो पूर्ण घालवता येत नाही. १९२८ मध्ये बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवून दिलं की कोणत्याही रोधकातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे इकडेतिकडे धडपडत असतात आणि त्यातून सतत बारीक आवाज तयार होतो. खोलीच्या तापमानाला १० किलोओमच्या रोधकातून, कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट निघतात. हे फार थोडे आहेत. पण हजार पट गेन लावला की ते १.८ मिलिव्होल्ट होतात, म्हणजे हळू छेडलेल्या तारेच्या पंक्तीत येऊन बसतात. म्हणून गेन जास्त तिथे हिसहिस असणारच. आपल्या हातात आहे ते एवढंच : मुळात जी हिसहिस कमी आहे ती आणखी वाढवू नये. हिसहिसणारं पेडल डिस्टॉर्शनच्या आधी ठेवलं तर त्याची हिसहिसही वाढते; नंतर ठेवलं तर आहे तेवढीच राहते. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. हिसहिस तशीच राहिली तर ती गिटारची नाही, पुढची आहे. आणि गेनचा नॉब १० वर असण्याची खरंच गरज आहे का, हे एकदा ७ वर वाजवून ठरवा.

नॉइज गेटविषयी मला प्रत्येक जण विचारतो. गेट म्हणजे दार आहे. आपण वाजवत नसताना ते लागतं, वाजवू लागलं की उघडतं. उघडल्यावर सूर आणि हिसहिस दोन्ही एकत्रच बाहेर येतात. त्यामुळे बिघाडावर तो उपाय नाही. आधी बिघाड शोधावा, उरलेली हिसहिस मग गेटकडे सोपवावी. बिघाड तसाच ठेवून गेट लावलं की दार फार घट्ट बसवावं लागतं आणि लांबत जाणाऱ्या सुराचा शेवट कापला जातो. मला तो कापलेला शेवट हिसहिशीपेक्षा जास्त खटकतो.

खरखर आणि तडतड यांना फार शब्द लागत नाहीत. नॉब फिरवताना खरखरतं : पॉट मळला आहे, किंवा त्यावर गळक्या कपॅसिटरमधून डीसी आला आहे. केबल हलवताना तडतडतं : केबल किंवा जॅक. पेडलवर पाय ठेवताच तडतडतं : कच्चं सोल्डर, पेडल उघडून खराट्याच्या काडीनं एकेक सांधा हलकेच दाबा, दोषी सांधा आपणहून बोलतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत जॅकवर हिरवट थर चढतो, म्हणून जूनआधी आणि ऑक्टोबरनंतर काँटॅक्ट क्लीनरनं सगळे जॅक पुसावेत. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तो सहज मिळतो.

सगळा नको असलेला आवाज खरंच नको असतो का, हा प्रश्न या विषयात टाळता येत नाही. १९६१ मध्ये मार्टी रॉबिन्स यांचं 'डोन्ट वरी' हे गाणं आलं. नॅशव्हिलच्या स्टुडिओत त्याचं ध्वनिमुद्रण होत असताना मिक्सरचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांची बास गिटार भसाडी, फाटक्या आवाजात उमटली. तो आवाज ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड हवा तेव्हा आणता यावा म्हणून ट्रान्झिस्टरचं सर्किट तयार केलं, आणि १९६२ मध्ये गिब्सननं ते माएस्ट्रो फझ-टोन या नावानं बाजारात आणलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'नं ते जगभर पोचवलं. आज आपण पैसे देऊन फझ घेतो तो मुळात एका बिघडलेल्या यंत्राचा आवाज आहे. आपल्याला हे नवल वाटू नये. तंबोऱ्याची घोडी घासून कारागीर जवारी काढतो, तेव्हा तोही तारेला घोडीवर किंचित झणझणायलाच लावतो. ती झणझण नसेल तर तंबोरा मुका वाटतो. जवारी आणि करकर यांच्यात फरक एवढाच की जवारी आपण बोलावलेली असते, हवी तेवढी आणि हवी तेव्हा. न बोलावता आलेला आवाजच या पुस्तिकेचा विषय आहे.

शोधण्याची पद्धत म्हणाल तर ती एकच आहे आणि प्रत्येक प्रकरणात ती पुन्हा येईल. गिटार थेट अँपला लावा, मध्ये काही नको. शांत असेल तर पेडलं निम्मी निम्मी करून जोडा. आठ पेडलं असतील आणि दोष एकातच असेल, तर तीन फेऱ्यांत ते सापडतं : आठची चार, चारची दोन, दोनचं एक. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं, काय ऐकू आलं, ते वहीत लिहा. एक मुलगा माझ्याकडे दोन नवी पेडलं, नवी केबल आणि नवा अडॅप्टर घेऊन आला होता. सगळं एकाच दिवशी बदललं होतं आणि आवाज तसाच होता. दोष त्याच्या बोर्डवरच्या एका बोटभर पॅच केबलमध्ये होता. ती तेवढी जुनी राहिली होती, कारण तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. त्या मुलाचे गेलेले पैसे मला आजही हळहळ लावतात.

ही पुस्तिका सर्किटचं शास्त्र शिकवत नाही. ज्यांना सोल्डरिंग येतं त्यांना शेवटची तीन प्रकरणं उपयोगी पडतील. बाकीच्यांनी ती सोडली तरी चालेल. पहिलं प्रकरण केबलचं आहे, कारण बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. सुरक्षेचं प्रकरण दुसरं ठेवलं आहे आणि ते वगळून पुढे जाऊ नये ही विनंती. ज्यांनी आपली बिघडलेली पेडलं माझ्या टेबलावर निर्धास्त सोडली, त्यांच्यामुळेच यातलं प्रत्येक पान लिहिता आलं. त्यांचा मी ऋणी आहे.

काही चुकलं असेल, किंवा यात नसलेला एखादा आवाज तुमच्या बोर्डवर ऐकू आला, तर जरूर कळवा, पुढच्या आवृत्तीत तो घेईन. कळवताना आवाज घुमतो, भणभणतो, शीळ घालतो की खरखरतो, हात लावल्यावर वाढतो की कमी होतो, आणि बॅटरीवर थांबतो का, एवढं लिहा.